विद्यापीठात मुलगे कमी का दिसू लागले?

निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो: 'यंदाही मुलींचीच बाजी'. आपण तो वाचतो, कौतुक करतो आणि पान उलटतो. त्या मुली आणि त्यांच्याच वर्गातले मुलगे पुढे कुठे गेले, हे सांगणारा मथळा मात्र सहसा येत नाही. खरं तर मोठी उलथापालथ तिथेच झाली आहे. एके काळी विद्यापीठ म्हणजे मुलग्यांचं आवार होतं. आज बहुतेक देशांत तिथे मुली जास्त आहेत, आणि काही देशांत तर तफावत इतकी वाढली आहे की मुलग्यांचं नेमकं काय होतंय हे शोधायला सरकारांनी समित्या बसवल्या आहेत.

हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, मुलींचं पुष्कळ झालं, आता मुलग्यांकडे बघा. दुसरा म्हणतो, पिढ्यान् पिढ्या मुलींना दाराबाहेर उभं केलं तेव्हा कोणाला काळजी वाटली नव्हती, आताच का? दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोघांनीही मनाशी एक गोष्ट धरून ठेवलेली असते: खुर्ची एकच आहे, एक बसला की दुसऱ्यानं उठलंच पाहिजे. आकडे तसं सांगत नाहीत.

आकडा वाचायचा कसा

उच्च शिक्षणात किती तरुण आहेत हे मोजायला युनेस्को 'सकल नोंदणी प्रमाण' वापरते. नाव जड आहे, गणित सोपं. शाळा संपल्यानंतरच्या पाच वर्षांच्या वयोगटात, म्हणजे साधारण १८ ते २२ वर्षांचे, देशात किती तरुण आहेत ते घ्यायचं. कॉलेज-विद्यापीठांच्या पटावर एकूण किती नावं आहेत ते घ्यायचं. पटाच्या आकड्याला तरुणांच्या आकड्यानं भागून शंभरानं गुणलं की झालं. पटावरचा विद्यार्थी तिशीचा असो की चाळिशीचा, तो मोजला जातोच. म्हणून ग्रीससारख्या देशात हे प्रमाण १०० च्याही वर जातं.

मुलींचं प्रमाण वेगळं काढायचं, मुलग्यांचं वेगळं. मुलींच्या आकड्याला मुलग्यांच्या आकड्यानं भागलं की मिळतो समानता निर्देशांक. तो १ आला तर बरोबरी, १ पेक्षा कमी आला तर मुली मागे, जास्त आला तर मुलगे मागे.

आता खरे आकडे घेऊ. २००० साली जगभरात मुलींचं प्रमाण १९ टक्के होतं आणि मुलग्यांचंही १९ टक्केच. म्हणजे निर्देशांक बरोब्बर १. २०१८ साली मुली ४१ टक्क्यांवर पोचल्या, मुलगे ३६ वर. ४१ भागिले ३६ म्हणजे साधारण १.१४.

पण इथे थांबून मुलग्यांचा आकडा पुन्हा बघा. १९ वरून ३६. जवळपास दुप्पट! जगाच्या पातळीवर मुलगे विद्यापीठातून बाहेर फेकले गेलेले नाहीत, ते पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं आत आले आहेत. मुली त्यांच्याहून वेगानं आल्या, एवढंच. अमेरिकेतही हेच दिसतं. तिथे १९९५ मध्ये २५ ते ३४ वयाच्या पुरुषांपैकी २५ टक्के पदवीधर होते आणि स्त्रियांपैकीही २५ टक्केच. २०२४ मध्ये प्यू संशोधन केंद्रानं पुन्हा मांडलेल्या हिशेबात पुरुष ३७ टक्क्यांवर आणि स्त्रिया ४७ टक्क्यांवर होत्या. दोन्ही रेघा वर चढतात, एक जास्त तिरकी. एका रेघेनं दुसरीला खाली ओढलं, असं या आलेखात कुठेही नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. हा निर्देशांक कधी कधी फसवतो. कतारसारख्या देशात बाहेरून आलेले तरुण कामगार फार मोठ्या संख्येनं आहेत, आणि त्यांतले बहुतांश पुरुष आहेत. ते शिकायला आलेलेच नाहीत, पण लोकसंख्येत मोजले जातात. त्यामुळे तिथल्या मुलग्यांचं प्रमाण कागदावर फारच केविलवाणं दिसतं आणि मुलींची आघाडी प्रचंड वाटते. एखाद्या देशाचा आकडा डोळे विस्फारायला लावणारा असला की आधी भागाकाराच्या खाली कोण आहे ते बघावं.

दार बंद होतं तेव्हाही

मुली गेल्या काही वर्षांत अचानक हुशार झाल्या, असा एक समज आहे. तो मोडायला १८९० सालच्या केंब्रिजमध्ये जाऊ.

तिथल्या गणिताच्या 'ट्रायपॉस' परीक्षेत पहिला येणाऱ्याला 'सीनियर रँग्लर' म्हणत. देशभर नाव व्हायचं. मुलींना ही परीक्षा द्यायची मुभा मिळाली होती, पण त्यांची यादी वेगळी लागायची आणि कोणाचा क्रमांक पुरुषांच्या कुठल्या क्रमांकाच्या आसपास बसला असता, एवढंच सांगितलं जायचं. त्या वर्षी मुलींच्या यादीत फिलिपा फॉसेट हे नाव आलं आणि पुढे वाचलं गेलं: 'सीनियर रँग्लरच्या वर'. म्हणजे पहिल्या आलेल्या पुरुषापेक्षाही हिचे गुण जास्त. सभागृहात जल्लोष झाला. आणि तरीही तिला पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज मुलींना पदवी देतच नव्हतं. मुलींना पूर्ण पदवी तिथे मिळू लागली १९४८ साली, त्या यादीनंतर ५८ वर्षांनी.

इतरत्र दारं थोडी आधी उघडली. झुरिकमध्ये १८६७ साली नादेझ्दा सुस्लोवा वैद्यकशास्त्राची डॉक्टर झाली. लंडन विद्यापीठानं १८७८ मध्ये मुलींना पदवीसाठी प्रवेश दिला, ऑक्सफर्डनं पदव्या दिल्या त्या १९२० पासून. कलकत्ता विद्यापीठातून कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू १८८३ मध्ये पदवीधर झाल्या, म्हणजे ऑक्सफर्डच्या बऱ्याच आधी.

फॉसेट ही एकटीच असामान्य होती, असं कोणी म्हणेल. तर २०१४ साली डॅनियल आणि सुझन व्हॉयर या संशोधकांनी १९१४ ते २०११ या काळातले, तीसहून जास्त देशांतले अभ्यास एकत्र करून तपासले. शाळेत शिक्षकांनी दिलेल्या गुणांत मुली सरासरीनं पुढे निघाल्या, अगदी गणित-विज्ञानातही थोड्या पुढेच. आणि ही आघाडी सबंध शतकभर साधारण तशीच होती, हल्ली वाढलेली नाही.

मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मुली शाळेत पहिल्यापासूनच पुढे होत्या. फक्त त्या आघाडीचं विद्यापीठातल्या जागेत रूपांतर होऊ दिलं जात नव्हतं.

मग चित्र पालटलं कशानं?

याचा सगळ्यांत बारकाईनं अभ्यास अमेरिकेत झाला, क्लॉडिया गोल्डिन यांच्या हातून. त्यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गोल्डिन, लॉरेन्स कॅट्झ आणि इलियाना कुझिएम्को यांनी २००६ साली दाखवून दिलं की १९०० ते १९३० या काळात अमेरिकन कॉलेजांत मुलगे आणि मुली जवळपास सारख्या संख्येनं होते. तफावत नंतर वाढली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला आणि १९४७ मध्ये एका मुलीमागे २.३ मुलगे असं प्रमाण झालं. तिथून ते घसरत गेलं, १९८० च्या सुमारास बरोबरी झाली आणि मग काटा मुलींच्या बाजूला झुकला तो आजतागायत.

मधल्या काळात काय बदललं? कायदा बदलला: १९७२ मध्ये सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करायला बंदी आली. लग्नाचं वय पुढे गेलं. गर्भनिरोधक गोळी अविवाहित तरुणींच्याही हाती आली, त्यामुळे पाच-सात वर्षं लागणारं शिक्षण मध्येच सुटेल ही धास्ती कमी झाली. या सगळ्याच्या मुळाशी एक अपेक्षा बदलली. आधीच्या पिढीतल्या मुलीला वाटायचं की आपण चार वर्षं नोकरी करू आणि मग घर सांभाळू. साठ-सत्तरच्या दशकात वाढणाऱ्या मुलीला आपण पस्तिसाव्या वर्षीही नोकरीवर असू हे दिसू लागलं. तीस वर्षं काम करायचं असेल तर पदवीत घातलेले पैसे आणि वर्षं फिटतात. मग शाळेतच गणित-विज्ञानाचे विषय जास्त घेतले जाऊ लागले.

दुसरी बाजू पैशाची. पदवी नसलेल्या पुरुषासाठी बांधकाम, कारखाना, खाण, वाहतूक अशी कामं असतात. कष्टाची असतात, पण अठराव्या वर्षी हातात रोख पडते. पदवी नसलेल्या मुलीच्या वाट्याला येतात घरकाम, म्हाताऱ्यांची-मुलांची देखभाल, दुकानात उभं राहणं. या कामांची मजुरी जवळजवळ सगळीकडे कमी. म्हणजे पदवी न घेतल्याचा तोटा मुलीला जास्त होतो. त्यामुळे शिकत राहणं हा मुलीसाठी साधा व्यवहारी निर्णय ठरतो. मुलग्याच्या बाबतीत मात्र आजची मजुरी उद्याच्या पदवीला ओढून धरते, आणि चाळिशीत पाठ धरली, कारखाना बंद पडला, की तोच निर्णय अंगावर येतो.

वही

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. शिक्षिकेनं प्रश्न विचारला. मागच्या बाकावरच्या मुलानं हात वर न करताच उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं. त्याला विषय समजलाय. पण शुक्रवारी वह्या गोळा झाल्या तेव्हा त्याची वही आली नाही. प्रकल्प अर्धा होता. चाचणी आहे हे त्याला आदल्या रात्री कोणीतरी मेसेज केल्यावर कळलं. शेजारच्या रांगेतल्या मुलीला त्याच्याइतकंच समजलेलं असेल, कदाचित थोडं कमीही. पण तिची वही पूर्ण आहे, तारखा लिहिलेल्या आहेत, चूक झाली तिथे खाली पुन्हा सोडवलेलं आहे. वर्षभराचे गुण कोणाला जास्त मिळणार?

सरासरीनं बघितलं तर कामाची आखणी करणं, कंटाळा आला तरी बसून राहणं, वेळेवर देणं या सवयी मुलींमध्ये लवकर येतात. सरासरीनं हा शब्द महत्त्वाचा आहे. टापटीप मुलगे आणि विसराळू मुली प्रत्येक वर्गात असतात. बुद्धीच्या चाचण्यांमध्ये मात्र मुलगे-मुली यांच्यात सांगण्यासारखा फरक दिसत नाही. विद्यापीठापर्यंतची वाट बुद्धीइतकीच या सवयींवर चालते: अर्जाची शेवटची तारीख, लागणारे कागद, शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाची यादी.

यात वाचनाची भर पडते. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी असते. २०१८ मध्ये तिच्यात भाग घेतलेल्या सर्व देशांत वाचनात मुली पुढे होत्या, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांत सरासरी ३० गुणांनी. गणितात मुलगे पुढे असतात, पण २०२२ मध्ये ती आघाडी होती जेमतेम ९ गुणांची. ज्याला सलग दहा पानं वाचायचा कंटाळा येतो, त्याला भूगोल आणि जीवशास्त्रही जड जातं, आणि पुढे कायद्याचं पुस्तक तर तो उघडतही नाही.

एकाच घरातले भाऊ-बहीण

सगळेच मुलगे मागे पडतात का? नाही. सुस्थितीतल्या, शिकलेल्या घरांत तफावत कमी असते. ती रुंदावते ती गरिबीत.

याचा पुरावा अमेरिकेतल्या फ्लोरिडातून आला. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जन्मनोंदी शाळेच्या नोंदींशी जोडून एकाच घरातल्या भाऊ-बहिणींची तुलना केली. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. घर तेच, आई तीच, परिसर तोच, शाळाही बहुधा तीच. तरीही घरची ओढग्रस्ती जितकी जास्त, तितका भाऊ बहिणीच्या मागे पडलेला दिसला: गैरहजेरी जास्त, वर्तनाच्या तक्रारी जास्त, शाळा वेळेत पूर्ण होण्याची शक्यता कमी. हलाखीची झळ दोघांनाही लागते, पण शाळेच्या बाबतीत मुलग्याला ती जास्त भाजते.

मग वाटतं, फी माफ केली की प्रश्न सुटेल. मिशिगन राज्यातल्या कालामाझू शहरात हेच झालं. २००५ मध्ये काही दात्यांनी नाव न सांगता जाहीर केलं की शहराच्या सरकारी शाळांतून पास होणाऱ्या मुलांची कॉलेजची फी आम्ही भरू. संशोधकांनी काही वर्षांनी परिणाम मोजला. पदवी पूर्ण करणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली. मुलग्यांमध्ये फरक जवळजवळ शून्य. पैसे दोघांसाठी सारखेच ठेवलेले होते. याचा अर्थ मदत वाया गेली असा मुळीच नाही, त्या मुलींची आयुष्यं बदलली. मुलग्यांना जे अडवत होतं ते फक्त फीचं नव्हतं, हे त्यातून कळलं. ते बरंच आधी, शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत घडून गेलेलं असतं.

सगळीकडे असं नाही

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत अजून जुनंच चित्र आहे. तिथे मुलींचं नोंदणीचं प्रमाण मुलग्यांच्या साधारण तीन चतुर्थांशच आहे, आणि मुळात दोघांचंही फार कमी. अफगाणिस्तानात डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं मुलींना विद्यापीठाची दारं सरसकट बंद केली. मुलगे मागे पडताहेत ही चिंता बोलून दाखवताना हे विसरलं तर आपण अर्धंच जग पाहिलं असं होईल.

भारतात नोंदणीचं एकूण प्रमाण बरोबरीचं आहे: २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुली २८.५ टक्के, मुलगे २८.३ टक्के. पण २०२०-२१ मध्ये पदवीच्या अभियांत्रिकीतल्या दर १०० विद्यार्थ्यांत मुली होत्या अवघ्या २९. एकूण बेरीज जुळली म्हणून आतली वाटणी जुळते असं नाही.

ही वाटणी जगभर अशीच वाकडी आहे. शिक्षणशास्त्र, परिचर्या, मानसशास्त्र इकडे मुली; अभियांत्रिकी, संगणक इकडे मुलगे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांत स्त्रिया साधारण ३५ टक्के, आणि संशोधकांमध्ये एक तृतीयांशच्या आसपास. पगाराचं तर विचारूच नका. ओईसीडी देशांत २५ ते ३४ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के उच्चशिक्षित आहेत आणि पुरुषांपैकी ४१ टक्के. तरीही उच्चशिक्षित तरुण पुरुषाला १०० मिळतात तिथे तितक्याच शिकलेल्या तरुणीला ८० ते ८५ च्या दरम्यान. गेटवर मुलगे कमी आणि गेटमधून बाहेर पडल्यावर मुलींचा पगार कमी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीचा दाखला देऊन दुसरी खोडून काढणं बरोबर नाही.

काय करू नये, काय करता येतं

काय करू नये याची दोन उदाहरणं आहेत. इराणमध्ये विद्यापीठात मुली निम्म्याहून जास्त झाल्या, आणि २०१२ मध्ये तिथल्या ३६ विद्यापीठांनी ७७ अभ्यासक्रम मुलींना बंद केले. जपानमध्ये २०१८ साली उघड झालं की टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटी कित्येक वर्षं प्रवेशपरीक्षेत मुलींचे गुण गुपचूप कमी करत होती, कारण मुली डॉक्टर होऊन पुढे नोकरी सोडतील, असं सांगण्यात आलं. तो प्रकार थांबला, इतर संस्थांचीही चौकशी झाली, आणि २०२१ च्या प्रवेशांत देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा किंचित वर गेलं. मुलींना मागे खेचून कुठल्याही मुलग्याला वाचनाची गोडी लागत नाही, फक्त आकडे सारखे दिसतात.

नॉर्वेनं वेगळा रस्ता धरला. कमिला स्टोल्टेनबर्ग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१९ मध्ये शाळेतल्या मुलगे-मुली तफावतीचा अहवाल दिला. त्यात एक सूचना होती की शाळेत घालण्याचं वय सगळ्यांना एकच न ठेवता लवचीक ठेवावं, म्हणजे जे मूल अजून तयार नाही त्याला थोडा अवधी मिळेल. तिथे काही अभ्यासक्रमांत जे लिंग कमी संख्येनं आहे त्याला प्रवेशात जादा गुणही मिळतात: अभियांत्रिकीच्या काही जागांसाठी मुलींना, पशुवैद्यकासारख्या ठिकाणी मुलग्यांना. मला यातला पहिला भाग जास्त पटतो. अठराव्या वर्षी दिलेल्या दोन गुणांपेक्षा आठव्या वर्षी वाचायला शिकवणारं माणूस जास्त कामाला येतं.

आणि प्रवेश मिळाला म्हणजे झालं असंही नाही. ओईसीडी देशांत पदवी वेळेत पूर्ण करण्यातही मुली पुढे आहेत. पहिल्या वर्षानंतर गळणाऱ्यांत मुलगे जास्त. तो मुलगा ऑक्टोबरात दोन तास चुकवतो, नोव्हेंबरात एक चाचणी, जानेवारीत त्याची जागा रिकामी असते आणि पटावर नाव तसंच राहतं. प्रवेशाचे आकडे जाहीर करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने वाढवावेत: दुसऱ्या वर्षाला किती जण पोचले आणि पदवी किती जणांच्या हातात पडली. दोन्ही रकाने मुलगे-मुली वेगळे आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे वेगळे. जानेवारीतली ती रिकामी जागा तेव्हा कुठेतरी नोंदली जाईल.